माझ्या नावाची किल्ली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत तेच. नेटवर्कच्या एका स्विचचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची यादी, उघडून साहेबांपुढे धरलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा." त्यांनी वाचलं. माझं नाव. शेजारी माझा पासवर्ड. उघडा, अक्षर न् अक्षर.

"बरं, मग?" म्हणाले.

बरं, मग!

हॉस्पिटलात एवढाले स्विच, एवढाले राउटर. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक वॉर्डात, भिंतीवरच्या कपाटात एकेक पेटी लुकलुकत असते. दर रविवारी प्रत्येक पेटी आपल्या सगळ्या सेटिंगची एक प्रत फाइल सर्व्हरवर पाठवते. पेटी जळाली तर नवी पेटी त्या प्रतीवरून उभी करता येते. पण सर्व्हरच्या दारात पेटीला विचारतात, तू कोण? म्हणून तिच्या पोटात एक नाव आणि एक पासवर्ड लिहून ठेवावा लागतो. ते नाव माझं. खरंखुरं माझं, मी रोज वापरते ते. ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा वेगळं खातं मागितलं होतं. "तात्पुरतं तुमचंच टाका." ते तात्पुरतं अजून चालूच आहे!

आणि माझ्या खात्याला सर्व्हरवरची सगळी कपाटं, म्हणजे फोल्डर, उघडतात. पगार, खरेदी, रुग्णांचे अहवाल, सगळं. म्हणजे ज्याने कुठलीही एक पेटी वाचली, तो मी झाला.

साहेब म्हणाले, "पेट्या बघतं कोण? आपलीच माणसं." आणि फोन उचलला. म्हणजे मी उठायचं.

६ फेब्रुवारी

लेखी कळवलं. उत्तर — "नोंद घेतली." नोंद घेतात आणि तिच्यावर बसतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभरात एकदाच हसले, ते यांच्यामुळे.

संध्याकाळपासून मला घरून पाळी होती आणि दुपारी सासूबाईंचा फोन — "तुझी पेटी मेली गं." घरच्या पाळीसाठी हॉस्पिटलने दिलेली छोटी पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या खाली आहे. सासूबाई तिला घड्याळ समजायच्या. आता हिरवा दिवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे वाईट, इतकं त्यांना कळतं.

हे घरीच होते. घरीच असतात. विक्री विभाग बंद केला कंपनीने तेव्हापासून घरीच. म्हटलं, निळी वायर घ्या, लॅपटॉपला लावा. "निळी कुठली? इथे सगळ्याच धुळीच्या रंगाच्या आहेत." शेवटी लागली. लॉगिन सांगितलं — दुसरा इलाज काय होता — आणि काय टाइप करायचं तेही सांगितलं. स्क्रीनवर काय दिसतं ते वाचा म्हटलं. मला हवी होती एक ओळ. यांनी पहिल्यापासून सुरुवात केली! उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह, टिंब, आडवी रेघ... शाळेत कविता म्हणावी तसं. "अहो, एवढं नको!" "थांब गं, मधेच तोडू नकोस, माझी जागा चुकते." शेजारच्या धुलाई विभागातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, मी हसत होते म्हणून. आमच्या तळघरातल्या ऑफिसात मी हसत नाही सहसा.

पेटी सुरू झाली. घरी आले तर हे छाती काढून बसलेले. "मी तुझ्या खात्यात नोकरी करू शकतो." म्हटलं, या, साहेबांची जागा घ्या. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी यांना कशाततरी गोडी वाटली.

२१ फेब्रुवारी

बाहेरच्या कंपनीने देखभालीला पाठवलेला इंजिनिअर. गळ्यात कायम पेनड्राइव्ह, म्हणून त्याला सगळे पेनड्राइव्हच म्हणतात. आज पाहिलं, तिसऱ्या मजल्याचं कॉन्फिग त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवलंय आणि त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकून मोकळा! "मॅडम, एक ओळ अडत होती, कुणीतरी सांगेल म्हणून..." त्यात माझं नाव, माझा पासवर्ड. चारचौघांत लुगडं फेडल्यासारखं झालं मला. इतकी बोलले की त्याचे कान लाल झाले. पोस्ट काढून टाकली त्याने. काढून टाकून काय होतं?

पासवर्ड लगेच बदलावा तर प्रत्येक पेटीत हाताने बदलावा लागतो. दोन दिवस काम थांबवावं लागेल. साहेबांकडे परवानगी मागितली. "तिमाही संपू दे."

१ मार्च

यांना काम मिळालं! नोकरी नाही — सल्लागार. एक जुना ओळखीचा माणूस भागीदार, त्याला कॉम्प्युटरमधलं बरंच कळतं म्हणे. दवाखान्यांना लागणारं सामान विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हे दोघं सल्ला देणार. कसला सल्ला, विचारलं. "भाव कसा भरावा, कुणाशी कसं बोलावं. एवढी वर्षं दुसरं केलंय काय मी?" तेही खरंच.

नवे बूट आणलेत. सासूबाईंनी पुन्हा पुन्हा काढायला आणि घालायला लावले.

मी रात्री एकटी बसून जरा रडले. आनंदानेच. घरात उगाच धुसफुसणारा माणूस पुन्हा शीळ घालतोय, एवढं मला पुरतं.

५ मार्च

सासूबाईंचा अहवाल: "आज दुपारी पेटी फार लुकलुकत होती." म्हटलं, लुकलुकू दे, जिवंत आहे.

१० मार्च, सोमवार

वर खरेदी विभागात बाँब पडलाय.

प्रयोगशाळेच्या फ्रिजांसाठी भाव मागवले होते. बंद भाव, उघडायच्या दिवसापर्यंत कुणी कुणाचे बघायचे नाहीत. भाव आले की स्कॅन करून सर्व्हरवर खरेदीच्या कपाटात ठेवतात. उघडले, तर एका व्यापाऱ्याचा प्रत्येक आकडा दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा केसभर कमी! एकदा झालं तर नशीब म्हणता येईल. प्रत्येक वस्तूला? हरलेला व्यापारी थेट अध्यक्षांकडे गेला. त्याचा आवाज तळघरापर्यंत आला म्हणे. आला नाही, पण बातमी आली.

मी मनात म्हटलं — बघा. आणि खरं सांगायचं तर जरा सुखावले. आता तरी ऐकतील!

११ मार्च

मूर्ख आहे मी.

सर्व्हरची नोंद काढली. खरेदीचं कपाट भाव उघडायच्या आधी एकदा उघडलं गेलंय. फाइली उतरवून नेल्यात. कुणी? माझ्या नावाने.

कुठून आले, ते लिहिलेलंच नाही. नोंदी फार जागा खातात म्हणून साहेबांनी गेल्या वर्षी ती सोय बंद करवली. फक्त नाव उरतं. माझं नाव.

१२ मार्च

चौकशी. लांब टेबल, पलीकडे चौघं, अलीकडे मी. पाण्याचा ग्लाससुद्धा त्यांच्याच बाजूला.

"हे खातं तुमचं?"
"हो."
"पासवर्ड कुणाला सांगितला होता?"
"कुणाला सांगायची गरजच नव्हती. तो प्रत्येक पेटीत लिहिलेला आहे. मी लेखी कळवलं होतं."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडमनी काही सूचना केल्या होत्या, पण तातडी आहे असं त्यातून जाणवलं नाही."

जाणवलं नाही! इतके दिवस कंठशोष केला तो काय भिंतीसाठी?

माझे सगळे प्रवेश काढून घेतले. गळ्यातलं कार्डसुद्धा. चोर ठरले नाही अजून, पण चोरासारखं वागवायची सुरुवात झाली. चोर ठरले तर नोकरी जाईलच, पुढे कुणी दारातही उभं करणार नाही. आमच्या धंद्यात माणसाचं नाव हीच एक वस्तू असते.

१७ मार्च

मला जुन्या मॉनिटरच्या गोदामात बसवलंय. काम — "यादी तपासा." मेलेल्या मॉनिटरची यादी! दाराला काच आहे. जाता येता माणसं डोकावतात आणि न डोकावल्यासारखं करतात. स्वागतकक्षातली, जिच्याबरोबर रोज डबा खायचे, तिला आज अचानक उपास होता.

कुणी काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं.

२० मार्च, गुरुवार

घरी सांगितलं शेवटी. आठवडाभर दाबून ठेवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "त्या साहेबाचं तळपट होवो." एवढंच, पण मनापासून.

हे मग उठले, चहा केला, कप माझ्या हातात दिला. असं कधी करत नाहीत. "सोडून दे ती नोकरी," म्हणाले. "आता माझं चालू झालंय. तू किती दिवस त्या तळघरात कुजणार?" म्हटलं, सोडली तर सगळे म्हणतील, होतीच चोर. "म्हणू देत. लोकांचं काय धरून बसतेस?"

मी नाही सोडणार. माझं नाव वापरून कुणी आत जातो, आणि मी मागच्या दाराने निघून जाऊ? पण यांचा हात पाठीवर होता, त्याने बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

२४ मार्च

दुसरी सुनावणी. आज मी नाव घेतलं.

त्यांनीच विचारलं — तुमच्याखेरीज हा पासवर्ड कुणाच्या हातात गेल्याचं तुम्हाला ठाऊक आहे? ठाऊक आहे म्हटलं. पेनड्राइव्ह. तिसऱ्या मजल्याचं कॉन्फिग लॅपटॉपवर घेतलं, बाहेर ग्रुपवर टाकलं. तारीख सांगितली. त्याला बोलावलं. तो "हो" म्हणाला. नाही म्हणता आलं असतं त्याला, मी पुरावा ठेवला नव्हता. पण "हो" म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

एक शब्दही खोटा बोलले नाही. मग परतताना त्याच्या शेजारून जायचं टाळून मागचा जिना का धरला, कोण जाणे.

२८ मार्च

त्याला काढलं. त्याच्या कंपनीने हात वर केले, असल्या माणसाला पुन्हा कुठे पाठवणार नाही म्हणून लिहून दिलं.

सुटताना फाटकाशी उभा होता. गळ्यात काही नाही. तो रिकामा गळा बघायला विचित्र वाटला.

"मॅडम, कॉपी मी घेतली. चूक झाली. पण आत नाही गेलो मी. मला खरेदीचं कपाट कुठेय तेही माहीत नाही."

मी म्हटलं, ते चौकशीत सांगायचं होतं. सांगितलं म्हणाला. ऐकलं नाही कुणी.

ऐकलं नाही कुणी! हे वाक्य माझं आहे. माझ्या तोंडचं. त्याने ते माझ्यासमोर बोलावं याचा मला रागच आला. रिक्षा थांबवली आणि बसले.

घरी यांनी विचारलं, "काय गं, सापडला का चोर?" सापडला म्हटलं. "चला, सुटलीस!" म्हणाले, आणि खरंच मोठा सुस्कारा सोडला. माझ्यापेक्षा मोठा.

२ एप्रिल

कार्ड परत. तळघर परत. धुलाई विभागाची वाफ परत, केसांत कापसाचे तंतू परत. स्वागतकक्षातलीचा उपासही सुटला.

साहेबांनी बैठक बोलावली. "यंत्रांमधले पासवर्ड सुरक्षित करणं ही काळाची गरज आहे, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं." मी वहीकडे बघत बसले. वर बघितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि या वेळी कारण खरं असतं.

असो. काम मला दिलं. श्रेय ते घेतील, घेऊ देत. पेट्या तरी झाकल्या जातील.

९ एप्रिल, बुधवार

काम चालू. इथे लिहून ठेवते, कारण तिथे कुणाला ऐकायचं नाहीये.

पेटीत शिरायचा जो पासवर्ड असतो, तो पेटी दळून ठेवते. पीठ बघून दाणा कुठला ते सांगता येत नाही. पण सर्व्हरकडे जाताना पेटीला स्वतः तोंडाने पासवर्ड सांगावा लागतो. तो दळून कसा चालेल? अख्खाच ठेवावा लागतो. मग उरतं एकच — झाकणं.

झाकण्याचा एक जुना प्रकार आहे, साहेबांना तोच हवा होता. एका आज्ञेत काम होतं, अक्षरं वेडीवाकडी दिसतात. "झाकलंय की!" हो, चहा गाळणीने झाकावा तसं. ती वेडीवाकडी अक्षरं सरळ करून देणारी पानं इंटरनेटवर फुकट आहेत. मी त्यांच्यासमोर करून दाखवलं. माझा पासवर्ड लगेच हजर. तोंड पाहण्यासारखं झालं.

खरा प्रकार म्हणजे प्रत्येक पेटीला एक मुख्य किल्ली द्यायची. ती कॉन्फिगमध्ये दिसत नाही, प्रतीबरोबर बाहेर जात नाही. तिने बाकीचं बंद होतं. मग प्रत कुणाच्याही हातात पडो, चोथाच मिळतो. आणि पाठवण्याचा मार्गही बदलला. आधी पासवर्ड तारेवरून उघडाच धावायचा, आता गुंडाळून जातो.

हाताने, एकेक पेटी. शिडीवर चढून, धूळ खात. यात मला अजून गोडी वाटते, हे लिहायला लाज वाटते.

१५ एप्रिल

आजचं सगळ्यात शहाणपणाचं काम. माझं नाव सगळीकडून काढलं. आता प्रत्येक पेटीला तिचं स्वतःचं खातं. ते खातं फक्त आपली प्रत आपल्या कप्प्यात टाकू शकतं. दुसरं कपाट उघडायला गेलं तर दार उघडणार नाही, वर साहेबांच्या मेलवर घंटा वाजेल, चौकशीनंतर असल्या सूचना थेट त्यांनाच जातात. म्हणजे कुठल्या पेटीचं पोट वाचलं गेलं, ते खात्याच्या नावावरून कळेल. सापळाच म्हणा.

नावं पाखरांची ठेवली. क्रमांक ठेवले असते तर वाचणाऱ्याला कळलं असतं कुठली पेटी कुठे. तिसरा मजला पिंगळा. शस्त्रक्रिया विभाग बगळा. खरेदीबाहेरची घार — मुद्दाम! कुठलं पाखरू कुठे बसतं ते मला एकटीला ठाऊक. कागदावर काही नाही. साहेब म्हणाले, लिहून द्या. देईन म्हटलं. पाखरं घोकायला मला आवडतंय. तळघरात दुसरं काय घोकायचं?

१९ एप्रिल, शनिवार

शेवटची राहिली ती घरची पेटी. तिला नाव दिलं चिमणी, सगळ्यांत लहान म्हणून.

पण चिमणीला झाकण बसत नाही. मॉडेल जुनं, मुख्य किल्ली तिला कळतच नाही. नवी मागितली तर "बजेट." जुन्या पद्धतीने गाळणीने झाकली, झालं. आत शिरायचा पासवर्ड मात्र तोच ठेवला. यांना तोच येतो. मी पाळीवर असताना बंद पडली तर पुन्हा फोनवर कवितावाचन नको.

राहू दे. टीव्हीखाली वाकून बघणार आहे कोण? घरचीच माणसं.

२५ एप्रिल

नवे भाव मागवलेत. ऑपरेशनच्या दिव्यांचे. या वेळी मोठी खरेदी आहे. बंद भाव पुन्हा खरेदीच्या कपाटात.

सापळा मांडून बसलेय. खरं तर पेनड्राइव्ह गेला, तर कुणी यायला नको. कुणीच आलं नाही तर तोच होता. आणि कुणी आलंच तर...

त्याचा रिकामा गळा अधूनमधून आठवतो. आठवला की मी स्वतःला सांगते — कॉपी घेतली होती त्याने. घेतली होती ना?

५ मे, सोमवार

घरी आले तर हे घरीच, दुपारपासून म्हणे. चेहरा उतरलेला. कुठलासा व्यवहार अडलाय. सासूबाई: "दुपारभर पेटीशी भांडत होता." म्हटलं, नेट गेलं असेल. उद्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, सुट्टी टाकलीय. फोनवर हॉस्पिटलचं काही बघायचं नाही असं ठरवलंय.

६ मे

डोळे ठीक. फक्त नंबर वाढला.

दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेवढ्यात साहेबांचा फोन. घंटा वाजली! काल दुपारी कुणीतरी खरेदीच्या कपाटावर तीनदा धडका दिल्या. दार उघडलं नाही. माझ्या झाकणांनी, माझ्या सापळ्याने काम केलं!

"कुठलं पाखरू?" विचारलं. "फोनवर नको," म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर बघू. अध्यक्षही येताहेत." शिकले म्हणायचे!

म्हणजे पेनड्राइव्ह नव्हता. नव्हता! हा जो कोण आहे, त्याने माझं नाव घेतलं, माझ्या हातून त्या पोराची भाकरी काढून घेतली आणि स्वतः मजेत फिरतोय. मला मॉनिटरच्या गोदामात बसवून. उद्या मी त्याचं नाव माझ्या तोंडाने सांगेन, सगळ्यांसमोर. दया दाखवणार नाही. कुणीही असो. साहेब असले तर सोन्याहून पिवळं.

यांना सांगितलं. जेवता जेवता थांबले. "उद्या कळेल?" "उद्या." मग म्हणाले, "कशाला उकरतेस गं? तुझं सुटलंय ना आता?"

यांना कधी कळणार नाही माझं काम.

७ मे, बुधवार

चिमणी.

स्क्रीन भिंतीवर मोठी लावली होती. साहेब, अध्यक्ष, खरेदीची बाई, वकील. "ही चिमणी म्हणजे कुठलं यंत्र?" यादी माझ्या डोक्यात आहे, बाकी कुठेच नाही. दुसरा मजला म्हटलं असतं तर दुसरा मजला झाला असता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माझ्या घरातलं," म्हटलं.

परत येताना पेनड्राइव्हला फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला.

आता स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेरच्या खोलीत पेटीचा हिरवा दिवा लागलेला दिसतोय. हे आत्ताच आले, दारात बूट काढताहेत. तिथूनच विचारलं —

"काय गं, सापडला का चोर?"